घुमणाऱ्या खोलीत कोण कुठे बोलतंय?

20 अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. त्यामुळे बोलणाऱ्याचा आवाज जवळच्या माइकला आधी पोचतो, लांबच्याला किंचित उशिरा. हा उशीर एक मिलिसेकंद असेल, तर दोन अंतरांत सुमारे 34 सेंटिमीटरचा फरक आहे. तेवढाच फरक पडेल अशा सर्व जागा जोडल्या की अपास्त नावाचा वक्र मिळतो आणि माइकच्या दुसऱ्या जोडीचा वक्र त्याला छेदेल तिथे बोलणारा असतो. पहिल्या महायुद्धात विल्यम लॉरेन्स ब्रॅग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच हिशेबाने शत्रूच्या तोफांच्या जागा हुडकल्या.

उघड्या रानातला हा हिशेब खोलीत चुकू लागतो. भिंती, छत, फरशी, काचा आवाज परतवतात आणि एकाच शब्दाच्या अनेक प्रती माइकवर येऊन आदळतात. भिंतीवरून आलेली प्रत भिंतीपलीकडच्या माणसाची वाटते. आधार एकच: सरळ वाट सर्वांत आखूड, म्हणून थेट आवाज आधी पोचतो. आपला कानही दिशा ठरवताना त्या पहिल्या लहरीलाच झुकते माप देतो.

खरी कसोटी दोघे एकदम बोलू लागले की लागते. समजा, माइकचे दोन गट दोन-दोन दिशा दाखवतात. त्या रेषा चार ठिकाणी छेदतात. त्यांतली दोनच ठिकाणे खरी, उरलेली दोन निव्वळ भास. तिसऱ्या गटाच्या रेषा भासमान जागांतून सहसा जात नाहीत, म्हणून त्या जागा वगळता येतात. याहून सुंदर युक्ती बोलण्याच्या स्वभावातच दडलेली आहे. आवाजाचे क्षणाक्षणाचे, स्वरास्वराचे बारीक तुकडे केले, तर बहुतेक तुकड्यांत कोणातरी एकाचाच आवाज वरचढ असतो. प्रत्येक तुकड्याची दिशा वेगळी काढून एकसारख्या दिशांचे गट केले की बोलणारे आपोआप वेगळे होतात.

माइक खोलीभर विखुरले, तर एखादा तरी बोलणाऱ्याजवळ असतो आणि त्याला थेट आवाज प्रतिध्वनीपेक्षा ठळक ऐकू येतो. मात्र माइक वेगवेगळ्या उपकरणांतले असतील, तर प्रत्येकाचे घड्याळही वेगळे. दोन घड्याळांच्या चालीत दहा लाखांत वीस भागांचाच फरक असला, तरी मिनिटभरात 1.2 मिलिसेकंदांची तफावत पडते, म्हणजे अंतराच्या हिशेबात सुमारे 40 सेंटिमीटर. म्हणून घड्याळे आधी जुळवावी लागतात, आणि मोजणी चालू असेपर्यंत जुळवत राहावी लागतात.