वजन उतरवा, पण ताकद सांभाळा! जाड अंगाच्या बायकांनी चरबी कमी करताना काय करावं?

दोन वर्षांपूर्वी माझं वजन ८४ किलो होतं. गुडघे दुखायला लागले म्हणून मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला आणि जेवण निम्म्यावर आणलं. सकाळी नुसता चहा, दुपारी अर्धी भाकरी, रात्री पपई. दीड महिन्यात ७ किलो उतरले. शेजारणी म्हणाल्या, "अगं, केवढी बारीक झालीस!" पण त्याच आठवड्यात गायीची भरलेली बादली गव्हाणीपर्यंत नेताना दोनदा खाली ठेवावी लागली. तीच बादली मी कित्येक वर्षं एका दमात नेत होते. पुढच्या चार महिन्यांत वजन परत आलं, वर एक किलो जास्तीचं. ताकद मात्र लवकर परत आली नाही.

आपल्या गावात असं अनेकींचं होतं. म्हणून जे चुकून शिकले ते सांगते.

उतरलं ते काय उतरलं?

काट्यावरच्या आकड्यात चरबी, पाणी, हाडं आणि स्नायू असं सगळंच असतं. खाणं कमी पडलं की शरीर साठवलेली चरबी वापरतं. पण सोबत प्रथिनं कमी पडली आणि अंगाला जोराचं काम नसलं, तर ते स्नायूही मोडून खातं. उपाशी राहून घटवलेल्या वजनात साधारण चौथा हिस्सा चरबीचा नसतो, त्यात स्नायू बराच असतो. चाळिशीनंतर तर स्नायू तसेही हळूहळू कमी होत जातात.

जाड बाईच्या पायात चांगली ताकद असते, कारण ८० किलोचं अंग तेच पाय दिवसभर वाहतात. ही आपली पुंजी आहे, ती घालवायची नाही.

काट्यापेक्षा टेप बरा

शिवणकामाचा टेप घ्या. उभं राहून, श्वास सोडून पोटाचा घेर मोजा. बाईचा घेर ८० सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचाच्या वर गेला की साखर आणि बीपीचा धोका वाढतो. तीस वर्षांवरच्या लोकांचा फॉर्म आशाताई भरतात, त्यातही हेच माप विचारतात. महिन्यातून एकदा मोजून वहीत लिहा. घेर कमी होतोय आणि बादली पूर्वीसारखी उचलते, तर काम बरोबर चाललंय. महिन्याला दोन किलो उतरले तरी पुष्कळ झाले, घाई करू नका.

भाकरी नको तोडायला, तेल-साखर तोडा

एक मोठा चमचा तेल म्हणजे जवळपास एका छोट्या भाकरीएवढी ऊर्जा, आणि पोट तर भरत नाही. दिवसाला चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे ४० ग्रॅम साखर नुसती चहातून गेली. आधी इथे हात घाला. फरसाण, बिस्किटं, तळण आठवड्यातून एखाद्या वेळेवर आणा.

उपासाचंही सांगते. साबुदाण्यात १०० ग्रॅमला एक ग्रॅमसुद्धा प्रथिनं नसतात. वरून तेल आणि बटाटा. त्या उपासानं वजन उतरत नाही. उपास करायचाच तर दूध, दही, ताक, मूठभर शेंगदाणे घ्या.

आपली वाटी आधी काढा

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या हिशेबानं निरोगी माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. आपण ६० ते ७० ग्रॅमचा अंदाज धरू. घरच्या खाण्यात ते असे बसतात:

- ज्वारीच्या ३ भाकरी: १५ ग्रॅम
- घट्ट वरणाच्या २ वाट्या: १४ ग्रॅम
- मटकी किंवा हरभऱ्याची उसळ, १ वाटी: ७ ग्रॅम
- २ अंडी: १२ ग्रॅम
- शेंगदाणे, लहान मूठभर: ७ ग्रॅम
- दूध किंवा दही, १ पेला: ६ ग्रॅम

अंडी चालत नसतील तर ३० ग्रॅम सुक्या सोयाबीन वड्यांत १५ ग्रॅम मिळतात.

पण खरी अडचण वेगळीच आहे. घरात बाई शेवटी जेवते. तोवर वरणातली डाळ संपलेली असते, उरतो रस्सा. मग भाकरी-रस्सा किंवा भात-ठेच्यावर भागवायचं. पोट भरतं, घेर वाढतो, ताकद उतरते. म्हणून वरण झालं की आपली घट्ट वाटी आधी बाजूला काढा. यात स्वार्थ काही नाही.

"शेतात राबतो की, वेगळा व्यायाम कशाला?"

मीही हेच म्हणायचे. खुरपणी, वेचणीनं दम टिकतो, पण वाकून तासन् तास एकच हलकं काम होतं. स्नायू टिकवायला थोडा वेळ का होईना, जोर लावावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. मी एक दिवसाआड २० मिनिटं हे करते:

- बाजेवरून किंवा खुर्चीवरून हात न टेकवता उठणं-बसणं. गुडघे दुखत असतील तर उंच बैठक घ्या.
- भिंतीला हात टेकवून दंड.
- पाठीवर झोपून, पाय दुमडून कंबर वर उचलणं.
- तेलाचे पाच लिटरचे दोन कॅन पाण्यानं भरून अंगणात फेऱ्या.

प्रत्येक प्रकार ८ ते १२ वेळा, थांबून दोनदा. कॅनच्या फेऱ्या दोन-तीन. सोपं वाटायला लागलं की थोडं वाढवा. कॅन आधी अर्धाच भरा. श्वास कोंडू नका. ओझं उचलताना कमरेतून न वाकता गुडघ्यातून वाका.

कोणी आधी डॉक्टरांना विचारावं?

साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण अचानक कमी करू नका, साखर एकदम खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाचा आजार, छातीत दुखणं, जास्त बीपी असेल तर आधी दाखवा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईनं वजन उतरवायच्या मागे लागू नये. खूप थकवा, धाप असेल तर रक्त तपासा. उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी, साखर, हिमोग्लोबिन बघतात. वजन अचानक वाढलं असेल तर थायरॉईडचंही विचारा.

दुसऱ्या वेळी मला नऊ महिने लागले. वजन ८५ वरून ७७, घेर १०२ वरून ९३ सेंटिमीटर. मी आजही जाडच आहे, कोणी बारीक म्हणणार नाही. पण गुडघा कमी कुरकुरतो आणि गायीची बादली पुन्हा एका दमात गव्हाणीपर्यंत जाते.