पाचटाचा धूर आणि हृदय

कॅनडातील अरण्ये 2023 साली पेटली आणि त्यांचा धूर शेकडो मैल ओलांडून न्यूयॉर्कच्या आकाशात उतरला, तेव्हापासून वणव्याचा धूर व हृदयविकार यांच्या संबंधावर पुष्कळ छापून आले आहे. ते वाचून कुरुंदवाडच्या एका वृद्ध वाचकांनी आम्हांस विचारले आहे की, ऊसतोडीनंतर आमच्या शिवारात पाचट पेटवतात, त्या धुराचे काय? प्रश्न मार्मिक आहे. पान अरण्यातले जळो वा फडातले, धुरात मिसळणारे अतिसूक्ष्म कण एकाच जातकुळीचे, आणि कृष्णा-पंचगंगेच्या संगमालगतच्या सखल प्रदेशात तर हिवाळ्यातील सूर्यास्तानंतर जमिनीलगतची हवा निवून जड होते व वरच्या उबदार थराचे जणू झाकण तिच्यावर बसते, त्यामुळे त्याच वेळी पेटवलेल्या फडाचा धूर वर न जाता गावावरच रात्रभर मुक्काम करतो.

हा धूर फुप्फुसातून हृदयापर्यंत पोहोचतो कसा, याचा खुलासा गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला चटकन पटेल. काहिलीतला रस उकळू लागला की त्यात रानभेंडीचा बुळबुळीत चीक घालतात आणि त्या चिकाला धरून मळी वर येते, ती गुळव्या झाऱ्याने काढून टाकतो. आपल्या श्वासनलिकेतील श्लेष्मा हेच काम अहोरात्र करीत असतो. परंतु ज्यांचा व्यास अडीच मायक्रॉनहून कमी, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाइतका वा त्याहूनही अल्प, असे कण या चिकाला चुकवून वायुकोशांपर्यंत जातात, तेथे दाह उत्पन्न करतात, आणि त्या दाहाची वर्दी रक्तातून सर्व शरीरात पोहोचून रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, धमन्या आकसतात, हृदयाच्या ठोक्यांचे नियमन करणाऱ्या मज्जातंतूंचा तोल ढळतो. याहूनही सूक्ष्म कण प्रत्यक्ष रक्तातच उतरू शकतात. एडिंबरोच्या संशोधकांनी ही गोष्ट मोठ्या कल्पकतेने पडताळून पाहिली: त्यांनी स्वयंसेवकांना सोन्याचे निरुपद्रवी अतिसूक्ष्म कण हुंगवले, आणि 2017 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार ते सोने 24 तासांच्या आत रक्तात सापडले, इतकेच नव्हे तर 3 महिन्यांनंतरही ते शरीरातून पुरते गेलेले नव्हते!

तथापि धुराचा झोत आला की माणूस कोसळलाच, असा जो सूर काही बातम्यांतून निघतो तो आम्हांस मान्य नाही. एका प्रयोगात निरोगी अग्निशामक जवानांना तासभर लाकडाच्या धुरात ठेवून पाहिले, तेव्हा त्यांच्या रक्तवाहिन्यांच्या कार्यात लक्षणीय बिघाड आढळला नाही. धोका मुख्यतः वृद्धांना, मधुमेह वा रक्तदाब असलेल्यांना आणि ज्यांच्या धमन्या आधीच अरुंद झाल्या आहेत त्यांना. ब्राझीलमधील अराराक्वारा या ऊसपट्ट्यातील शहराचा दाखला आपल्याला सर्वांत जवळचा: तेथे तोडणीपूर्वी उभा ऊस जाळण्याची चाल होती, आणि हवेतील कण वाढले की उच्च रक्तदाबाने रुग्णालयात दाखल होणारेही वाढतात, हे 2010 च्या अभ्यासात दिसून आले. तेव्हा आमच्या वृद्ध वाचकांनी, फड पेटलेला असेल त्या संध्याकाळी व दुसऱ्या पहाटे फिरावयास जाऊ नये, खिडक्या लावून घ्याव्यात आणि नाकाला ओला रुमाल बांधून निर्धास्त राहू नये, कारण हे कण त्याच्या विणीतून सुखाने पार होतात. छातीत कळ आली तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. एकरी 3 ते 4 टन पाचट, तेही लवकर न कुजणारे, खोडव्याच्या मशागतीला आडवे येणारे. ते एका काडीत नाहीसे होते, हा मोह समजण्यासारखा आहे. कुट्टी करून सरीत पसरले तर ओल टिकते व जमिनीचा कस वाढतो, हे कृषिखाते परोपरीने सांगत आलेच आहे. परंतु या विषयात ज्यांचे नाव घेतले जावे व क्वचितच घेतले जाते, ते म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे नातू, वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे. पुण्याच्या ‘आरती’ या त्यांच्या संस्थेने पाचटापासून कांडी कोळसा करण्याची पद्धत सिद्ध केली आणि तिला 2002 साली इंग्लंडचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. पुरस्काराची वार्ता छापली गेली, पद्धत मात्र फडाफडांत पोहोचली नाही, याची आम्हांस मनापासून खंत वाटते. तिची रचना किती साधी! पाचट बंद पिंपात भरायचे, ती पिंपे भट्टीत तापवायची. आत हवा नसल्याने पाचट जळून राख होत नाही, त्याचा कोळसा होतो, जो कुटून, खळीत कालवून चुलीसाठी कांड्या पाडता येतात. आणि पिंपातून निघणारा ज्वलनशील वायू, जो उघड्या फडात धूर होऊन गावावर पसरला असता, तो भट्टीतच सरपण म्हणून खर्ची पडतो.