आमिश मुलगी बाहेरच्या मुलाच्या प्रेमात पडली तर? सगळं एका प्रश्नावर ठरतं

पेनसिल्व्हेनियातलं शेत. दारात घोडागाडी. डोक्याला पांढरी टोपी बांधलेली तरुणी आणि शहरातून कार घेऊन आलेला तरुण. दोघं प्रेमात पडतात.

अमेरिकेत आमिश प्रेमकथांच्या शेकडो कादंबऱ्या निघाल्यात. त्यांना गमतीनं 'बॉनेट रिपर' म्हणतात. बॉनेट म्हणजे तीच डोक्यावरची टोपी. या लाटेची सुरुवात मानली जाते ती बेव्हर्ली लुईस यांच्या १९९७ सालच्या 'द शनिंग' या कादंबरीपासून. गंमत म्हणजे यांच्या बहुतेक लेखिका आमिश नाहीत आणि बहुतेक वाचकही आमिश नाहीत.

पण आधी, आमिश म्हणजे कोण?

१६९३ च्या सुमारास युरोपात याकोब अमान यांच्या नेतृत्वाखाली वेगळा झालेला हा ख्रिश्चन पंथ. अठराव्या शतकात ही माणसं पेनसिल्व्हेनियात आली. त्यातले जुन्या वळणाचे लोक आजही स्वतःची कार घेत नाहीत, घरात ग्रिडची वीज जोडत नाहीत. घरी जर्मनची एक बोली बोलतात आणि बाहेरच्या प्रत्येकाला 'इंग्लिश' म्हणतात. मग तो कुठल्याही देशाचा असो.

आता मुद्द्याचं.

आमिश लग्न पंथातच होतं आणि त्यासाठी दोघांचा बाप्तिस्मा झालेला असावा लागतो. हा बाप्तिस्मा जन्मल्यावर होत नाही. मोठं झाल्यावर, स्वतःच्या मर्जीनं घ्यायचा असतो. म्हणून अशा गोष्टीत खरा प्रश्न 'तिचं प्रेम आहे का?' हा नसतोच. प्रश्न असतो, 'तिचा बाप्तिस्मा झालाय का?'

झाला नसेल, तर ती पंथ सोडू शकते. घरचे दुखावतात, पण नातं तुटत नाही. झाला असेल, तर तिनं दिलेला शब्द मोडला असं धरलं जातं आणि तिला वाळीत टाकतात. अनेक ठिकाणी सख्खी आईसुद्धा तिला आपल्या पंगतीला बसवत नाही, वेगळं ताट मांडते. पश्चात्ताप करून परतली तर मात्र दार उघडं असतं.

त्यात शिक्षण आठवीपर्यंतचं. १९७२ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं आमिश पालकांना तशी मुभा दिली. म्हणजे बाहेर पडणारीला आपल्या पायावर उभं राहणं अवघड जातं.

मग तोच आमिश झाला तर? होता येतं, पण असे लोक फार थोडे. बोली शिका, कार सोडा, पंथाचे नियम आयुष्यभर पाळा.

१९८५ च्या 'विटनेस' सिनेमात हॅरिसन फोर्डचा पोलीस अधिकारी शेवटी शहरात परततो आणि आमिश विधवा रेचल तिथेच राहते. कादंबऱ्या बऱ्याचदा यातून गोड वाट काढतात. खऱ्या आयुष्यात मात्र दोघांपैकी एकाला आपलं घर सोडावंच लागतं.