डीजे ‘लावायचा’ नाही, व्हायचंय

विसर्जन झालं. कुठल्या चौकात किती डेसिबल, कुठल्या मंडळावर गुन्हा, कुणाची भिंत जप्त, हे सगळं छापून झालं. दरवर्षीचं आहे, त्यात पुन्हा शिरत नाही. फक्त भाषेतली एक गंमत सांगतो. मराठीत डीजे हा माणूस उरलेलाच नाही. डीजे ‘लावतात’, ‘सांगतात’, ‘आणतात’ आणि दहा वाजले की ‘बंद करतात’. ट्रॅक्टरवर चढवलेल्या खोक्यांच्या भिंतीला आपण डीजे म्हणतो. भिंतीमागे कोण बसलाय आणि त्यानं हेच गाणं का निवडलं, हे कुणी विचारत नाही.

त्यामुळे ‘मला डीजे व्हायचंय’ असं भाच्यानं जाहीर केलं तेव्हा ताईच्या डोळ्यांसमोर आधी ट्रॅक्टरच आला. पोरगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. घरातलं वादळ शमल्यावर तो माझ्याकडे आला, पण त्याचा प्रश्न वेगळाच होता. ‘मामा, रेकॉर्डवर शिकू की लॅपटॉपवर?’ त्यानं बर्लिनच्या क्लबांचे व्हिडिओ पाहिले होते. खरा डीजे रेकॉर्डवरच वाजवतो, लॅपटॉपवाले नुसती बटणं दाबतात, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. माझ्याकडे शे-दीडशे रेकॉर्डी आहेत, बऱ्याचशा चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर गुडघे टेकून शोधलेल्या. मी रेकॉर्डचीच बाजू घेणार, या खात्रीनं तो आला होता.

मी घेतली नाही. का, ते सांगतो.

आधी रेकॉर्डवाल्यांचं म्हणणं नीट ऐकू. 1972 साली जपानच्या मात्सुशिता कंपनीनं टेक्निक्स या नावाखाली एसएल-1200 हा टर्नटेबल आणला. पट्ट्याऐवजी मोटर थेट तबकडीखाली होती. घरात बसून संगीत ऐकणाऱ्यांसाठी केलेली ही वस्तू न्यूयॉर्कच्या पोरांनी पळवली. हातानं थांबवली, मागे ओढली तरी सोडताक्षणी ती पुन्हा वेग पकडायची. 1979च्या एमके-टू आवृत्तीत उजव्या कडेला एक उभी सरकपट्टी आली: वेग आठ टक्के वर किंवा आठ टक्के खाली. पुढची तीस वर्षं जगभरच्या डीजेंचा धंदा या पट्टीवर चालला.

त्या पट्टीवर नेमकं करायचं काय? समजा एक गाणं सुरू आहे, मिनिटाला 120 ठोके. पुढचं 124चं. दुसरं गाणं लोकांना ऐकू जात नाही, ते तुमच्या हेडफोनच्या एका कानात आहे. दुसरा कान हॉलकडे उघडा. पट्टी सव्वातीन टक्के खाली आणायची, पण तो आकडा तुम्हाला कुणी सांगत नाही. दोन्ही ठेके एकदम ऐकायचे आणि कोण पुढे पळतोय ते ओळखायचं. पुढचा असेल तर तबकडीच्या कडेला बोट किंचित टेकवायचं, मागे पडला तर लेबलाजवळ हलकेच ढकलायचं. अर्ध्या ठोक्याचा फरक राहिला तर एका मिनिटात एकाची टाळी दुसऱ्याच्या दोन टाळ्यांच्या बरोब्बर मधोमध येते आणि घोडे उधळल्यासारखा आवाज होतो. डीजे याला ट्रेनरेक म्हणतात.

लय जुळली म्हणजे काम झालं असंही नाही. सम जुळायला हवी. नाचाचं बहुतेक संगीत बत्तीस ठोक्यांच्या आवर्तनांत बांधलेलं असतं. एका गाण्याचं आवर्तन संपतं तिथेच दुसऱ्याचं सुरू झालं पाहिजे. तबल्याच्या क्लासला दोन वर्षं जाऊन आलेल्या मुलाला हे अर्ध्या तासात कळतं. वेगाच्या पट्टीला सुराच्या पट्टीचा प्रश्नही आहेच. रेकॉर्ड सहा टक्के जोरात फिरवली की पांढरी एकमधलं गाणं काळी एकमध्ये जातं आणि गायक उगाच तरुण वाटायला लागतो. डिजिटलमध्ये ‘की लॉक’ दाबला की वेग बदलतो, सूर जागचा हलत नाही.

आणि डिजिटलमध्ये ‘सिंक’ही असतं. एक बटण, लय जुळवायची वरची सगळी कसरत बाद. रेकॉर्डवाल्यांचा राग या बटणावर आहे. तो मला पटतो, निम्मा.

‘रेकॉर्डचा आवाज ऊबदार’ हा दुसरा मुद्दा मात्र मी फारसा मनावर घेत नाही. आजचं नाचाचं संगीत कॉम्प्युटरवरच तयार होतं आणि तिथून रेकॉर्डवर उतरतं. 2022 साली अमेरिकेतल्या मोबाइल फिडेलिटी या नामवंत कंपनीची गोष्ट उघड झाली: मूळ टेपवरून म्हणून नावाजलेल्या तिच्या अनेक महागड्या रेकॉर्डी मध्ये डिजिटल टप्पा घेऊन कापल्या जात होत्या. सोन्याचे कान असणाऱ्यांना वर्षानुवर्षं त्याचा पत्ता लागला नव्हता. त्याच वर्षी अमेरिकेत 1987नंतर पहिल्यांदाच सीडींपेक्षा रेकॉर्डी जास्त खपल्या, चार कोटींच्या वर. पण रेकॉर्ड विकत घेणाऱ्या अमेरिकनांपैकी जेमतेम निम्म्यांकडेच ती वाजवायचं यंत्र आहे, असंही एका पाहणीत निघालं. हसू नका, या लेखाच्या शेवटी त्याची प्रचिती येणार आहे.

आता आपला उन्हाळा. या वादात हवामानाचं नाव कुणी काढत नाही, कारण वाद घालणारे थंड मुलुखातले आहेत. रेकॉर्ड म्हणजे शेवटी पीव्हीसी. गेल्याच्या गेल्या मे महिन्यात मी एक रेकॉर्ड दुपारभर गाडीत विसरलो. संध्याकाळी बाहेर काढली तर तिच्या कडा उडदाच्या पापडासारख्या वर आल्या होत्या. वाजवून पाहिली, सुई होडीसारखी वरखाली. पावसाळ्यात उलट संकट, कव्हरांना बुरशी. साठ रेकॉर्डींची पिशवी दहा-बारा किलोंची. ती लोकलमध्ये चढवून दाखवा, मग प्रामाणिकपणावर बोलू.

हे सगळं गोव्यात चाळीस वर्षांपूर्वीच कळून चुकलं होतं. हणजूणच्या किनाऱ्यावर ऐंशीच्या दशकात रात्र रात्र पार्ट्या चालायच्या. युरोपात तेव्हा डीजे म्हणजे रेकॉर्ड हे समीकरण पक्कं होतं. इथे वाळू, खारी हवा, ऊन आणि जनरेटर. टर्नटेबल टिकणार कसा? तेव्हा लॉराँ नावाच्या फ्रेंच डीजेनं आणि त्याच्या बरोबरीच्यांनी गाणी कॅसेटवर उतरवून घेतली आणि सोनीच्या वॉकमनांवरून पार्ट्या वाजवल्या. उतरवतानाच गाणी कापायची, शब्द काढून टाकायचे, नुसता वाद्यांचा भाग लांबवायचा. पुढे 1987 साली डॅट आली, म्हणजे डिजिटल ऑडिओ टेप, काडेपेटीपेक्षा जरा मोठी. सॅन फ्रान्सिस्कोहून येऊन गोव्यात रमलेला गोवा गिल त्याच टेपांवर वाजवायचा. सीडी येऊन गेली तरी त्यानं डॅट सोडली नाही. 2023च्या ऑक्टोबरात तो गेला.

डॅटला वेगाची पट्टी नव्हती. म्हणजे लय जुळवणं शक्यच नव्हतं. त्यावर तोड निघाली ती गाण्यातच: सुरुवातीला आणि शेवटी ठेका नसलेला, नुसता तरंगणारा लांब भाग ठेवायचा, म्हणजे एक गाणं विरताना दुसरं उगवलं तरी टक्कर होत नाही. गोवा ट्रान्स नावानं जे संगीत नंतर इस्रायलपासून जपानपर्यंत गेलं, त्याच्या घडणीत या अडचणीचा वाटा आहे. जगाच्या नकाशावर भारताचं नाव लावणारी ही नाचाची शैली, आणि ती रेकॉर्डवर वाढलेलीच नाही. भाच्याला हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. बर्लिनच्या नादात हणजूण त्याच्या गावीही नव्हतं.

रेकॉर्डचं ऋण मी नाकारत नाही. मुंबईचे चरणजित सिंग सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवत. 1982 साली त्यांनी रोलंडच्या नव्या यंत्रांवर, 808 आणि 303 वर, भैरव, ललितसारखे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले आणि एचएमव्हीनं त्याची रेकॉर्ड काढली. खपली नाही. शिकागोत त्याच 303 वर अ‍ॅसिड हाउस हे नाचाचं संगीत जन्माला आलं, त्याची पहिली म्हणून गणली जाणारी रेकॉर्ड निघाली 1987 साली. आपल्या माणसानं पाच वर्षं आधी काय करून ठेवलंय हे जगाला कळलं ते 2002 साली एका डच संग्राहकाला दिल्लीच्या दुकानात ती जुनी तबकडी सापडली म्हणून. 2010 साली ती पुन्हा निघाली. हार्ड डिस्कवरची फाइल असती तर 2002 साली कोण कुठल्या दुकानात शोधत बसला असता?

पण जपणूक वेगळी, शिकणं वेगळं. हिशेब करा. दोन बरे टर्नटेबल, मिक्सर, सुया, स्लिपमॅट, गोष्ट लाखांत जाते. परदेशातून मागवलेली एक बारा इंची रेकॉर्ड कर-टपाल धरून दोनेक हजारांना पडते, आणि तिच्यावर कामाची गाणी दोन किंवा तीन. उलट लॅपटॉपला जोडायचा साधा कंट्रोलर पंधरा ते तीस हजारांत येतो, आणि 64 जीबीच्या पेनड्राइव्हवर पाचेक हजार गाणी बसतात. शिवाय काम कुठे मिळणार? लग्नात, संगीतात, हळदीत. तिथे नवरीची मावशी येऊन जे गाणं मागेल ते तीस सेकंदांत लागलं पाहिजे. क्लबात गेलात तर टेबलावर पायोनियरचे सीडीजे असतात, नावात सीडी असली तरी वाजतं पेनड्राइव्हवरून. आणि ट्रॅक्टरवर तर टर्नटेबल चालणारच नाही. बेसच्या भिंतीनं सुईच थरथरते, ती थरथर पुन्हा भिंतीतून बाहेर पडते, पुन्हा सुईत जाते, आणि दहा सेकंदांत नुसता हंबरडा. त्या मिरवणुकांमध्ये रेकॉर्ड लावायची सक्ती केली तर डेसिबलचा प्रश्न आपोआप सुटेल, असा एक प्रस्ताव आयुक्तांना पाठवायचं माझ्या मनात आहे.

एक मधला रस्ताही आहे. 2000च्या आसपास डच मंडळींनी युक्ती काढली: रेकॉर्डवर गाणंच ठेवायचं नाही, नुसता एक किर्र संकेत. सुई तो वाचते, लॅपटॉपला कळतं हात कुठे आणि किती वेगानं फिरला, आणि गाणं लॅपटॉपमधलं वाजतं. न्यूझीलंडच्या सेराटोनं 2004 साली ही पद्धत घरोघरी नेली. बोटांना तबकडी आणि खिशाला पेनड्राइव्ह. पण टर्नटेबलचा खर्च टळत नाही, म्हणून नवख्यानं त्या वाटेला आत्ताच जाऊ नये.

डिजिटलची कटकट वेगळी आहे. गाणी तुमची नसतात. 2020च्या जुलैत स्पॉटिफायनं डीजेंच्या सॉफ्टवेअरमधून अंग काढून घेतलं आणि त्यावर उभ्या केलेल्या याद्या एका रात्रीत निकामी झाल्या. 2025च्या सप्टेंबरात ते परत आलंय. मी भाच्याला सांगितलं, आलं तर आलं, तू गाणी विकत घेऊन फाइल जवळ ठेव. रेकॉर्ड कुणी रात्रीतून कपाटातून काढून नेत नाही.

आणि सिंक? त्याला जुनी हिंदी गाणी पुरून उरतात. त्यात खरा ढोलकवाला बसलाय. अंतऱ्याला तो जरा चढतो, मुखड्याला परतताना सैलावतो. यंत्र त्यावर सारख्या अंतरानं रेघा मारतं आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत त्या रेघा भलत्याच जागी पडलेल्या असतात. तिथे कानच लागतो. रेकॉर्डवाल्यांचा राग मला निम्मा पटतो तो एवढ्यासाठी. कान तयार व्हायला हवा हे खरं. त्यासाठी पीव्हीसी लागतंच हे खोटं.

तेव्हा आमचा तह असा झाला. जुना वापरलेला कंट्रोलर घ्यायचा. स्क्रीनवर ठोक्यांचे आकडे आणि रंगीत लाटा दिसतात त्या जागी चिकटपट्टी लावायची. सहा महिने सिंकला हात लावायचा नाही. आणि पाच हजार नव्हे, फक्त साठ गाणी. एका पिशवीत मावतील तेवढी. एकसष्टावं हवं असेल तर एक काढायचं.

तीन आठवड्यांनी त्याच्या खोलीत गेलो. स्क्रीनवर खाकी सेलोटेप, तोंड वाकडं, एक कान झाकलेला. दोन गाणी एकमेकांवर आदळत होती, घोडे उधळले होते. तो बोट टेकवत होता, काढत होता, पुन्हा टेकवत होता. मग साधारण बारा-पंधरा ठोके घोडे एका चालीनं धावले. त्यानं मान वर केली तोवर पुन्हा उधळले. स्वयंपाकघरातून ताई ओरडली, ‘हेडफोन आणलेत ना? मग आम्हाला का ऐकू येतंय?’

निघताना त्यानं माझ्याकडे एक रेकॉर्ड मागितली.

‘वाजवणार कशावर?’

‘वाजवायला नाही मामा, भिंतीवर लावायला.’

पुढच्या रविवारी नेऊन दिली. कव्हर झकास आहे, आतला पापड कुणाला दिसत नाही.