जुन्या अँबॅसिडरला पीसीव्ही व्हॉल्व्ह : कुठला घ्यायचा आणि का?

हा एपिसोड ज्यांना ऐकायला नाही, वाचायला सोयीचा पडतो, त्यांच्यासाठी ही ट्रान्सक्रिप्ट. बोलताना घेतलेले फाटे छाटलेत, बाकी जसंच्या तसं.

एका श्रोत्याचा प्रश्न आला होता. घरी आजोबांची १४८९ सीसी पेट्रोल इंजिनवाली अँबॅसिडर आहे. ऑइल फिलरचं झाकण उघडलं की धूर येतो, आणि क्लचच्या बाजूला ऑइल गळतं. मेकॅनिक म्हणतो, 'बॅक कॉम्प्रेशन मारतंय, इंजिन खोला.' याला ऑनलाइन एक 'सगळ्या गाड्यांना बसतो' असा पीसीव्ही व्हॉल्व्ह दिसला. घेऊ का?

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, पण जुनी इंजिनं हा माझा वीकेंडचा आजार आहे. तर बघू.

आधी, हे काम कसलं?

पिस्टनच्या रिंगा कधीच शंभर टक्के सील करत नाहीत. थोडा गॅस खाली क्रँककेसमध्ये घुसतोच. त्यात न जळलेलं पेट्रोल असतं, पाण्याची वाफ असते. तो आतच राहिला तर ऑइलचा गाळ होतो आणि दाब वाढतो.

जुना उपाय म्हणजे एक पाइप, इंजिनातून खाली रस्त्याकडे. गाडी पळाली की हवेच्या ओढीनं गॅस बाहेर. सिग्नलला उभी असली की ओढ शून्य. आणि सगळी घाण हवेत. म्हणून कॅलिफोर्नियात १९६१ च्या मॉडेल्सपासून अमेरिकन गाड्यांना पीसीव्ही आला, आणि १९६३ पासून तो अमेरिकाभर गेला. यात हा गॅस मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमनं ओढून परत इंजिनातच जाळतात.

व्हॉल्व्ह नेमकं काय करतो?

आमच्या भाषेत सांगायचं तर हा रेट लिमिटर आहे. आत एक छोटा प्लंजर आणि स्प्रिंग. आयडलिंगला व्हॅक्यूम जोरदार असतो, चांगल्या इंजिनात १७ ते २१ इंच पाऱ्याइतका. तो प्लंजरला ओढून वाट अरुंद करतो. कारण आयडलिंगला गॅस कमी, आणि जास्त हवा गेली तर मिश्रण पातळ होऊन इंजिन बंद पडेल. हायवेला एका स्पीडनं चालताना व्हॅक्यूम मध्यम, प्लंजर मधोमध, वाट मोकळी. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की व्हॅक्यूम जवळजवळ जातो. तेव्हाचा जास्तीचा गॅस टॅपेट कव्हरच्या नळीतून एअर क्लीनरकडे जातो आणि तिथून आत. इंजिननं बॅकफायर केलं तर प्लंजर उलटा बसून ज्वाला अडवतो.

म्हणजे दोन व्हॉल्व्ह दिसायला जुळे असले तरी आतली स्प्रिंग आणि भोक वेगळं असू शकतं. नळीचा साइझ जुळला म्हणून व्हॉल्व्ह जुळला, असं नसतं.

मग निवडायचा कसा?

एक : इंजिनच्या आकाराशी जुळवा. मोठ्या व्ही-एटचा व्हॉल्व्ह आपल्या चार सिलिंडरला लावला तर आयडलिंगला हवा जास्त जाईल. १३०० ते १६०० सीसीच्या कार्ब्युरेटरवाल्या चार सिलिंडर इंजिनचा व्हॉल्व्ह, ही सुरुवातीची योग्य जागा.

दोन : आधी व्हॅक्यूम गेज लावा. आयडलिंगला १० इंचच मिळत असेल (तेज कॅमशाफ्टला असं होतं) तर साधा प्लंजर मधल्यामधे फडफडतो आणि आरपीएम वरखाली होतं. अशा इंजिनला अ‍ॅडजस्ट होणारा व्हॉल्व्ह बरा.

तीन : नात्यातली गाडी बघा. अँबॅसिडरचं हे इंजिन बीएमसीच्या बी-सिरीज घराण्यातलं, म्हणजे एमजीबी स्पोर्ट्स कारच्या इंजिनाचं भावंडं. एमजीबीला १९६४ पासून काही वर्षं स्मिथ्स कंपनीचा डायफ्रामवाला व्हॉल्व्ह होता. गॅस बाजूच्या टॅपेट कव्हरमधून ऑइल सेपरेटरमार्गे बाहेर, ताजी हवा वरच्या फिलर झाकणातून, तीही मोजून. हा नकाशा आपल्याला आयता मिळतो. फक्त त्या व्हॉल्व्हचा डायफ्राम फाटला की इंजिन बाहेरची हवा ओढतं, म्हणून जुना घेताना तो तपासा.

बसवताना

रस्त्याकडचा पाइप उघडा ठेवू नका, नाहीतर धूळ आत जाईल. व्हॉल्व्हच्या आधी सेपरेटर हवाच, नाहीतर तो ऑइल पिईल. मॅनिफोल्डला जोड अशा जागी द्या जिथून चारही सिलिंडरला सारखी वाटणी होईल. एकाच सिलिंडरच्या तोंडाशी दिला तर तोच पातळ मिश्रणावर चालेल. शेवटी आयडलिंग आणि मिश्रण नव्यानं सेट करा.

चाचणी सोपी आहे. आयडलिंगला ताज्या हवेची वाट बंद करा आणि फिलरच्या तोंडावर कागद ठेवा. थोड्या वेळात कागद चिकटला तर ओढ आहे. उडाला तर गॅस व्हॉल्व्हच्या ताकदीबाहेर आहे.

आता मूळ प्रश्न

तीन बेअरिंगच्या या इंजिनात क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सील नाही. ऑइल परत फिरवणारे आटे आहेत फक्त. आत दाब वाढला की ते हरतात आणि ऑइल थेट क्लचवर. म्हणून चांगली ओढ मिळाली तर गळती खरंच कमी होऊ शकते.

पण क्रम चुकवू नका. आधी ब्रीदरच्या नळ्या आणि जाळ्या साफ करा, मग कॉम्प्रेशन टेस्ट करा. चारही आकडे जवळपास सारखे आणि ठीक असतील तर व्हॉल्व्ह घ्या. एखादा सिलिंडर खूप खाली असेल आणि त्यात चमचाभर ऑइल टाकल्यावर आकडा वर चढत असेल, तर रिंगा किंवा बोअर गेलेत. तिथे मेकॅनिककाका बरोबर आहेत. मोठा व्हॉल्व्ह लावून फक्त ऑइल जाळाल, आणि इंजिन खोलायचा खर्च टळणार नाही, पुढे जाईल.

'सगळ्या गाड्यांना बसतो' वाला मात्र कार्टमधून काढा. टेस्टचे चार आकडे आले की पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये त्यावर बोलू. भेटूच!