कानावरची अर्धी उघडी खिडकी

नागपूरचा मे महिना. पारा ४५ अंशांजवळ, खिडकीत कूलर घरघरतो आहे. अशा वेळी बंद हेडफोन लावून गाणी ऐकू लागलात, की थोड्याच वेळात कान घामेजतात. असे का?

हेडफोनमधला पातळ पडदा मागेपुढे कंप पावतो; म्हणून ध्वनिलहरी कानाकडे जातात, तशा मागेही जातात. बंद हेडफोनमध्ये या मागच्या लहरी कोंडल्या जातात आणि कानाजवळची उष्ण, दमट हवाही. पूर्ण उघड्या हेडफोनमध्ये हवा खेळती राहते, आवाज मोकळा वाटतो. पण खर्ज दुबळा होतो. अर्धखुल्या हेडफोनच्या पाठीला मोजकीच छिद्रे ठेवून मधला मार्ग काढलेला असतो.

एक प्रयोग करा. तळहात कानांवर घट्ट दाबा, मग बोटे किंचित फाकवा. कूलरची घरघर लगेच वाढली ना? अर्धखुल्या हेडफोनमध्येही ती अशीच आत शिरते. मग आपण गाण्याचा आवाज चढवतो, आणि धोका तिथेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मुलांनी ७५ डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांहून अधिक ऐकू नये. आंतरकर्णातील केशपेशी एकदा नष्ट झाल्या, की पुन्हा उगवत नाहीत.

तेव्हा हेडफोनचा आवाज चढवण्याआधी कूलरपासून दूर बसा!