तंजावरची छत्रे : जीर्ण वास्तूंचा नवा उपयोग

तंजावरहून रामेश्वराच्या दिशेने निघाले म्हणजे कावेरीच्या पाण्यावर पोसलेल्या भातशेतीतून मधूनच एखादी प्रशस्त, विटाचुन्याची जुनी इमारत दृष्टीस पडते. मध्ये चौक, भोवती खांबांच्या ओसऱ्या आणि जवळ तळे किंवा विहीर. तमिळ लोक तिला ‘चत्तिरम्’ म्हणतात. मराठी मनुष्याला हा शब्द परका वाटण्याचे कारण नाही. अन्नछत्रातील छत्र ते हेच.

तंजावरच्या भोसले राजांनी अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या आरंभी अशी अनेक छत्रे बांधली. त्यांतील बहुतेकांना राजांच्या जिव्हाळ्याच्या स्त्रियांची नावे आहेत. नीडामंगलमचे छत्र यमुनांबेच्या नावाचे, तर ओरत्तनाडूचे मुक्तांबेच्या. मुक्तांबेने अंतकाळी व्यक्त केलेल्या इच्छेनुसार दुसऱ्या सरफोजी राजांनी हे दुसरे छत्र उभारले, असे सांगतात. दर्शनी जोत्याला दगडी चाके, पुढे घोडे आणि हत्ती. जणू सारी इमारतच एखादा रथ आहे.

या वास्तूंचे काम केवळ निवारा देण्याचे नव्हते. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला, तेव्हा सरफोजी राजांना मोठी चिंता लागली ती छत्रांची. १८०१ साली रेसिडेंट टॉरिन यांना पाठविलेल्या पत्रात त्यांनी छत्रांच्या कार्याचे वर्णन केले आहे. वाटसरूला जात न पाहता अन्न मिळे, आजाऱ्याला औषधपाणी होई, प्रवासात आईबाप गमावलेल्या मुलांचा सांभाळ होई आणि शाळाही चाले. म्हणजे धर्मशाळा, दवाखाना, अनाथालय आणि विद्यालय या चार संस्था एकाच छपराखाली नांदत होत्या. त्यांच्या खर्चासाठी गावांचे व जमिनींचे उत्पन्न तोडून दिलेले होते.

पुढे दोन गोष्टी घडल्या. १८५५ साली दुसरे शिवाजी राजे पुत्राविना निवर्तले आणि संस्थान संपुष्टात आले. आणि आगगाडी आली. १९१४ साली पांबनचा रेल्वेपूल पुरा झाल्यावर रामेश्वरचा यात्रेकरू गाडीत बसून थेट बेटावर उतरू लागला. पायवाट ओस पडली आणि वाटेवरची छत्रेही ओस पडली. छत्रे पडली ती शत्रूच्या तोफांनी नव्हे. त्यांचा वाटसरूच नाहीसा झाला म्हणून पडली. रिकाम्या घरात कौल सरकले तरी ते बसविणारा कोणी नसतो. गच्चीवर पाणी मुरते, भेगेत पिंपळाचे रोप रुजते आणि काही वर्षांत त्याचे मूळ भिंत उकलून टाकते.

म्हणूनच जुन्या वास्तूला नवे काम देणे हा तिच्या रक्षणाचाच एक मार्ग ठरतो. याचे उत्तम उदाहरण तंजावर शहरातच आहे. राजवाड्यातील सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह १९१८ साली जनतेसाठी खुला झाला. १९५१ साली करंदै येथील ब्रह्मदेवाची एक सुंदर मूर्ती कलकत्त्याला नेण्याचा बेत झाला. लोकांनी त्याला विरोध केला, मूर्ती राजवाड्यात ठेवण्यात आली आणि त्यातूनच तेथील कलादालन जन्मास आले. गावोगावच्या उपेक्षित दगडी मूर्ती आणि कांस्यमूर्ती आज तेथे सुरक्षित आहेत. मूर्तींना घर मिळाले आणि जुन्या दरबारी दालनाला काम मिळाले.

खेड्यांतील छत्रांच्या वाट्याला असे भाग्य क्वचितच आले. ओरत्तनाडूच्या छत्रात शाळा आणि विद्यार्थ्यांचे वसतिगृह चालले, आणि हा उपयोग त्या वास्तूच्या स्वभावाला धरूनच होता. ज्या ओसरीवर पूर्वी पंगत बसे, तेथे मुले बसली. ज्या खोल्यांत यात्रेकरू निजत, तेथे विद्यार्थी राहिले. चौकातून उजेड येतो, ओसरीतून वारा खेळतो. वाचनालय, शिवणवर्ग, प्रसूतिगृह, गावसभेची जागा, असे कोणतेही काम अशा रचनेत भिंत न पाडता सामावू शकते.

मात्र उपयोग हवा म्हणून वाटेल ती डागडुजी करून चालत नाही. चुन्याची भिंत ओल शोषते आणि ती परत हवेत सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढविला की ओल आतच कोंडते, विटा भुसभुशीत होतात आणि वरून नवी दिसणारी भिंत आतून पोखरली जाते. चुन्याच्या कामाला चुनाच हवा आणि तो मळणारे जाणते गवंडीही हवेत.

याहून महत्त्वाची गोष्ट खर्चाची. एकदा निधी मंजूर झाला, रंगरंगोटी झाली, उद्घाटन झाले, एवढ्याने वास्तू टिकत नाही. दर पावसाळ्यापूर्वी गच्ची पाहणारा, पन्हळ साफ करणारा आणि रोप वीतभर असतानाच उपटणारा कोणीतरी नेमलेला असावा लागतो. जुन्या राजांनी छत्र बांधले तेव्हाच त्याच्या नावे जमीन लावून दिली, यातले शहाणपण हेच. इमारत आणि तिचे उत्पन्न यांची त्यांनी फारकत केली नाही.

छत्राला त्याचा यात्रेकरू आता परत मिळणार नाही. परंतु शिकणारे मूल, औषधासाठी आलेली बाई आणि वर्तमानपत्र वाचायला बसणारा शेतकरी आजही त्या गावांत आहेत. त्यांच्यासाठी दार उघडले, तर मूळ दात्यांचा संकल्प मोडणार नाही. उलट तोच पुढे चालेल.